मीही उशिरा बोललो होतो

माझी नोकरी जमीन मोजण्याची. बोदवडला बदली झाल्यापासून रोज कुणाच्या ना कुणाच्या बांधावर उभा असतो. दोन्ही बाजूंचे खातेदार मला सांगत असतात की बांध आजोबांच्या वेळेपासून इथंच आहे. मी शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, तोंडी चालत नाही, कागद दाखवा. हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलंय की भाजीत मीठ जास्त झालं अशी तक्रार केली तरी बायको मला कागद मागते. आणि त्याच मी, माझ्या मुलीच्या बाबतीत, एका तोंडी गोष्टीवर जवळजवळ वर्ष घालवलं. ती दोन वर्षांची होऊन तिसरं लागलं होतं तेव्हाचं हे वर्ष. त्या वयातलं वर्ष किती मोलाचं असतं ते आम्हाला ते गेल्यावर सांगण्यात आलं.

मुलगी बोलत नव्हती. बोबडं नाही, अर्धं नाही, काहीच नाही. तिला दूध हवं असलं की ती आईचं बोट धरून फ्रिजपाशी न्यायची आणि आईचा हात दारावर ठेवायची. आईने दुधाऐवजी केळं काढलं की जमिनीवर आडवी व्हायची आणि फरशीवर डोकं आपटायची. मिक्सर लावला की दोन्ही कानांवर हात ठेवून किंचाळायची, म्हणून आमच्याकडे चटणी ती झोपल्यावर वाटली जाई. हाक मारली तर कधी बघायची, कधी नाही. मी म्हणायचो, मूडी आहे. हा शब्द मला कुठून सुचला कोण जाणे, पण त्याने बराच काळ काम भागलं.

बायको एकदा धुळ्याला बहिणीकडे चार दिवस राहून आली. बहिणीची मुलगी आमच्या मुलीपेक्षा जेमतेम पाच महिन्यांनी मोठी. तिने पाहुण्यांसमोर दोन कविता म्हणून दाखवल्या, आजोबांना चहा हवा का विचारलं आणि आमच्या मुलीला बघून, ही बोलत का नाही, असंही विचारलं. घरी आल्यावर बायकोने पिशव्या ठेवल्या आणि ती मागच्या मोरीत गेली. नळ सोडला. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि बादली भरून वाहत असतानाही तो बंद झाला नाही.

तेव्हा माझ्या आईने ती गोष्ट सांगितली. आई शिरपूरकडच्या खेड्यातली. वडील गेल्यापासून आमच्याकडे असते. तिच्या माहेरी लहानथोर सगळे तिला अक्का म्हणतात आणि तिचा शब्द तिकडे शेवटचा असतो. इकडे बोदवडला शेजारच्या बायका तिचं ‘आहे’ला ‘शे’ म्हणणं ऐकून हसतात आणि तिला पुन्हा पुन्हा बोलायला लावतात, तेही तिला आवडतं. त्या संध्याकाळी ती सुनेला म्हणाली की यात रडण्यासारखं काही नाही, हा तुझा नवरा चार वर्षांचा होईपर्यंत तोंडातून अक्षर काढत नव्हता. आणि आता बघ, गप्प बसवावा लागतो.

मी तिथंच भाकरी खात होतो. मला ही गोष्ट नवी होती. चाळीस वर्षांच्या माणसाला आपल्या लहानपणाबद्दल काहीतरी नवं कळलं की तो ते जपून ठेवतो. मी ते नुसतं जपलं नाही, मिरवलंही. ऑफिसात सांगितलं, सासुरवाडीला सांगितलं, बांधावर सावलीत बसून खातेदारांनाही सांगितलं. मी चार वर्षांपर्यंत मुका होतो आणि आता दोन्ही पार्ट्यांना बोलू देत नाही, असं म्हटलं की माणसं हसायची. मुलगी माझ्यावर गेली आहे, हे मला मनापासून आवडलं होतं.

त्यानंतर बायकोने दवाखान्याचा विषय काढला की माझ्याकडे उत्तर तयार असे. लस टोचायला गेलो तेव्हा नर्सबाईंनी मुलीला नाव विचारलं. मुलगी भिंतीकडे बघत राहिली, आणि मीच हसत हसत सांगून टाकलं, आमच्याकडे उशिराच बोलतात. बाईंनी मान डोलावली. एकदा आईने गावाकडून पोपटाने चोच मारलेला पेरू आणवला. तो खाल्ला की मूल बोलतं म्हणतात. मुलीने तो तोंडात घेतला आणि थुंकला. आम्ही सगळे हसलो, बायको हसली नाही.

पावणेतीन वर्षांची असताना तिला जवळच्या बालवाडीत घातलं. नवव्या दिवशी तिने एका मुलाच्या गालाला चावा घेतला. दात उमटले होते. बालवाडीच्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की तो मुलगा तिच्या हातातला ठोकळा ओढत होता, दुसऱ्या मुलाने ‘देणार नाही’ म्हटलं असतं, हिच्याकडे चावण्याशिवाय काही नाही. बोलायला लागली की आणा, असंही त्या म्हणाल्या. घरी आल्यावर बायकोने मला काही विचारलं नाही. तिने जळगावच्या दवाखान्याला फोन लावला आणि मंगळवारची वेळ घेतली.

पहिल्यांदा कान तपासायचे होते. ती तपासणी मूल झोपलेलं असतानाच होते, डोक्याला तारा लावून. त्यामुळे मुलीला पहाटे उठवून जागंच ठेवून आणा अशी सूचना होती. बोदवडहून सकाळच्या गाडीत बसलो. वरणगावपर्यंत मी तिला खिडकीत उभी धरली, टाळ्या वाजवल्या, तोंडं वेडीवाकडी केली. समोर बसलेल्या म्हाताऱ्याला वाटलं बापाचंच काहीतरी बिघडलंय. भुसावळला गाडी थांबली तेवढ्यात ती माझ्या खांद्यावर गाढ झोपली आणि जळगावला दवाखान्याच्या पायरीवर टक्क जागी झाली. तो मंगळवार वाया गेला. पुढच्या वेळी बायको एकटी तिला घेऊन आदल्या दिवशीच जळगावला मुक्कामाला गेली आणि तपासणी नीट पार पडली. कान उत्तम होते.

मग वाचा शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. वयाने तिशीच्या आत, खोलीत प्लॅस्टिकच्या डब्यांत खेळणी, सगळे डबे झाकण घट्ट लावलेले. मुलगी एक डबा घेऊन बायकोकडे आली आणि बायकोने तो उघडून दिला. बाईंनी तेवढंच बघून काहीतरी लिहिलं. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि प्रश्न विचारायला लागल्या. बाळंतपण, ताप, आकडी, पहिलं पाऊल. घरात कोणी उशिरा बोललं होतं का, हा प्रश्न आला तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. मी म्हणालो, मीच, चार वर्षांपर्यंत.

बाईंनी पेन उचललं, पण लिहिलं नाही. तेव्हा अजिबात बोलत नव्हतात की शब्द होते आणि वाक्यं नव्हती? पहिला शब्द कोणता? सांगितलेलं समजत होतं का? तेव्हा हे पाहिलेलं कोणी घरात आहे का? मी म्हटलं, आई आहे. मग त्यांना विचारून या, बाई म्हणाल्या, नुसतं ऐकीव मी इथं लिहीत नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं. माझं वाक्य एका पोरसवदा बाईने मलाच ऐकवलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. बायको मुलीला घेऊन आत गेली. मी आईला बाईंचे प्रश्न जसेच्या तसे विचारले. ती शेंगा फोडत राहिली. मी पुन्हा विचारलं.

“तू कसाना उशिरा बोलना,” ती म्हणाली. “सव्वा वरीसना व्हता तव्हयच बडबड करे. शेजारना लोके कटाळी जायेत.”

मी विचारलं, मग तसं का सांगितलंस. तिने टरफलं गोळा करून सुपाच्या एका बाजूला लावली.

“ती मोरीम्हा जाईसन रडे. माले ते देखाये नही.”

एवढंच. सासवा सुनांना बोल लावतात, तुमच्याकडूनच आलं म्हणतात. माझ्या आईने उलटं केलं होतं. दोष आपल्या पोरावर घेतला होता, सुनेचे डोळे पुसायला. त्या क्षणी मला तिचा राग आला, आणि राग येताना हेही कळलं की तिने ती गोष्ट एकदाच सांगितली होती. पुढे वर्षभर सांगत फिरलो तो मी.

बायकोला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती मुलीचे केस विंचरत होती. तिने फणी थांबवली नाही. म्हणजे वर्ष गेलं, ती म्हणाली. मी म्हटलं, अकरा महिने. असं बोलून दाखवायला माझ्यासारखाच मूर्ख लागतो. त्यानंतर कित्येक दिवस ती आईशी कामापुरतंच बोलली आणि माझ्याशी कामापुरतंही नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, पण आईने भांडण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. ती खाली मान घालून सगळं ऐकून घ्यायला तयार होती, आणि ऐकवणारं कोणी नव्हतं.

मग आठवड्यातून दोनदा जळगाव सुरू झालं. बाई जे तिथं करत ते घरी रोज करायचं होतं. वस्तू तोंडाजवळ धरायची, तिचं नाव घ्यायचं आणि थांबायचं. मुलीने बघितलं, हात केला, कसलाही आवाज काढला तर लगेच द्यायची. आवाज नाही काढला तर जरा धीर धरायचा. मी ऑफिसात, बायको स्वयंपाकात, त्यामुळे दुपारचं हे काम आईकडे आलं. आई त्यात सपशेल नापास होती. मुलीचा ओठ नुसता वाकडा झाला की बिस्किट तिच्या हातात. बायकोने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. आईच एक दिवस म्हणाली की हे माझ्याकडून होत नाही, पोर रडली की माझा हात आपोआप पुढे जातो. बायकोने तिच्या शेजारी बसून तिचा हात धरला आणि दोघींनी मिळून थांबायला सुरुवात केली. सासू-सुनेचं बोलणं तिथून परत सुरू झालं, तेही बहुतेक बिस्किटाबद्दलच.

सात-आठ महिन्यांनी ‘दे’ आलं. त्यानंतर ‘नको’ आलं, आणि नको आल्यावर चावणं कमी झालं. डोकं आपटणं अजून पूर्ण गेलेलं नाही. आज ती पाच वर्षांची होत आली आहे, तीन शब्दांचं वाक्य बोलते, अनोळखी माणसासमोर एकही नाही. आधी आणलं असतं तर काय झालं असतं, असं मी बाईंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, ते कोणी सांगू शकत नाही, पण आधी आणलेलं केव्हाही चांगलं. मी जमिनी मोजतो. मला इंचात उत्तर हवं असतं, आणि ते मिळणार नाही हे मला आजही सोसत नाही.

गेल्या महिन्यात मामेभावाचा शिरपूरहून फोन आला. बोलता बोलता त्याने सांगितलं की त्याचा मुलगा आता तीनला टेकला, अजून बोलत नाही, अंगावर धावून जातो, पण काही काळजी नाही.

“तुम्हीबी उशिरा बोलनात ना भाऊ. बठ्ठासले माहीत शे.”

तिकडे सगळ्यांना माहीत असलेली ही गोष्ट माझ्याआधी तिथं पोचली होती, की मीच कुठल्या लग्नात पोचवली होती, ते आता सांगता येणार नाही. मी त्याला म्हटलं, तसं काही नव्हतं, मी वेळेवरच बोलत होतो. तो हसला. अक्काने सांगितलेलं खोटं कसं असेल, तो म्हणाला, आणि तुमची पोरगी बोलायला लागलीच की. मी जळगावचे हेलपाटे सांगितले, बाईंचं सांगितलं, धुळ्यालाही अशी सोय असेल ती बघ म्हटलं. तो हो हो करत राहिला. हे हो हो मला ओळखीचं होतं. मी नर्सबाईंसमोर तसाच हसलो होतो.

आई पलंगावर बसून माझ्या बाजूचं सगळं ऐकत होती. तिने हात पुढे केला. मी फोन दिला. तिने भाच्याची चौकशी केली नाही, त्याच्या बायकोला फोन दे म्हणाली. ती येईपर्यंत आईने पदर सारखा केला.

“पोरी, मी खोटं सांगेल शे,” ती म्हणाली. “हाऊ सव्वा वरीसना व्हता तव्हयच बोले. पोऱ्याले दवाखानामा लई जाय. आमनं वरीस वाया गये, तू वाट देखू नको.”

माझी बायको दारात येऊन उभी राहिली होती. पलीकडून रडणं ऐकू यायला लागलं, मला लांबूनही ऐकू येत होतं. आता आई काहीतरी बोलून तिला गप्प करेल असं मला वाटलं. तिचे ओठ हललेही. पण ती काही बोलली नाही, आणि तिने फोनही ठेवला नाही. पलीकडचं रडणं थांबेपर्यंत ती तो कानाला लावून बसून राहिली.