घर बघितल्याशिवाय: येडगावहून जपानला

गेल्या महिन्यात एका मुख्याध्यापकांचा फोन आला. शाळेच्या मुलांना जपान दाखवायचं आहे, तुम्ही पूर्वी नेली होती म्हणे, जरा मार्गदर्शन करा. मी पासपोर्ट, व्हिसा, गरम कपडे असं सगळं सांगितलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की खरं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून हा लेख. ज्यांना नुसती माहिती हवी आहे त्यांनाही ती मिळेल, पण वाटेत येडगावला थांबावं लागेल.

साल दोन हजार तीन-चारच्या आसपासचं. मी पेठला राहायचे आणि मंचरच्या शाळेत भूगोल शिकवायचे. रोज सकाळी एसटी, अवसरीचा घाट, आणि घाट उतरेपर्यंत कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून वाद. पुण्यात जपानी भाषा शिकवणारी एक संस्था होती. त्यांच्या मनात आलं, की शहरातली मुलं तर जातातच, एकदा खेड्यातली मुलं जपानच्या खेड्यात न्यावीत. चार दिवस फिरायचं आणि दोन रात्री तिथल्या शेतकऱ्यांच्या घरी राहायचं. खर्चाचा मोठा वाटा संस्था उचलणार होती. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या तीन शाळांमधून नववीची मुलं निवडली आणि त्यांना घेऊन जायला कोण, तर मी. बाकीच्या शिक्षकांना घरी अडचणी होत्या. मला नाही म्हणता आलं नाही, एवढीच माझी पात्रता.

तयारी मात्र आम्ही झोकात केली. शनिवारी शाळा सुटली की वर्गात पेन्सिलींच्या चॉपस्टिक करून शेंगदाणे उचलायचे. जो उचलेल त्याचा शेंगदाणा. पहिल्या आठवड्यात कुणाच्याच पोटात काही गेलं नाही, चौथ्या आठवड्यात शेंगदाणे पुरेनात. कमरेत वाकून नमस्कार करायचा, त्याची रंगीत तालीम चालली की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत येऊन खिदळायची. जोडे दाराबाहेर काढायचे आणि जमिनीवर बसून जेवायचं, हे शिकवावं लागलं नाही. अंघोळीची गोष्ट मात्र कुणाला पटेना. तिथे आधी बाहेर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं आणि मग गरम पाण्याच्या टाकीत नुसतं बसायचं, तेही घरातल्या सगळ्यांनी त्याच पाण्यात, एकामागून एक. अवसरी बुद्रुकच्या एका मुलाने विचारलं, की मग टाकीत जायचं तरी कशाला?

घरोघर जाऊन परवानग्या घेणं हा या सहलीतला सगळ्यात लांबचा प्रवास, हे नियोजन करणाऱ्यांनी लिहून ठेवावं. पासपोर्टला आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतात. जन्माचा दाखला आणि शाळेचा दाखला यांत नाव सारखं आहे ना, ते आधीच बघा. अवसरीला मी गेले तर त्या मुलाच्या आईने सही आधी केली आणि विचारलं नंतर. वर मासवडी आणि भाकरी खाऊ घातली. परतताना माझ्या डब्यात उरलेली मासवडी भरून दिली ती वेगळी. सगळीकडे असंच होणार, अशा समजुतीत मी नारायणगावला उतरले आणि तिथून जीपने येडगावला गेले.

येडगावची सारिका आमच्या यादीतली सगळ्यात हुशार मुलगी. धरणाच्या पाण्याला लागून त्यांची शेती. तिचे वडील बबनराव ओट्यावर बसून होते. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाले, "बाई, सहलीला माझी ना न्हाई. पण पोरगी ज्या घरी ऱ्हानार, ते घर आमी बघितल्याबिगर धाडत नाय."

मी म्हटलं, अहो, घर जपानमध्ये आहे.

"आसू द्या की. आत्याच्या घरी पहिल्यांदा धाडली तवा मी आधी जाऊन आलो व्हतो. आत्या तर माझी सख्खी भन हाय."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. भर उन्हात जीपच्या टपाजवळ लोंबकळत आले होते मी. संस्थेने दिलेलं त्या घराच्या फोटोंचं पाकीट मी काढलं. बबनरावांनी सगळे फोटो पाहिले आणि म्हणाले, की फोटो कुणाच्याबी घराचा असू शकतो, आणि फोटोत माणसं गुमान उभी राहतात, ती घरात वागतात कशी ते दिसत नाही. सारिका दाराआड उभी होती. तिच्या तोंडाकडे मला बघवेना. परत येताना मी ठरवलं, एक मुलगी कमी तर कमी. पण घाट चढताना मला तिचं ते दाराआडचं तोंड दिसत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी मी पुण्याला फोन केला.

संस्थेतल्या ताईंना हसू येईल असं वाटलं होतं. त्यांनी निरोप जसाच्या तसा पुढे कळवला. नागानोच्या बाजूचं ते भातशेतीचं गाव, आणि ज्यांच्या घरी सारिका राहणार होती त्या काझुको-सान; 'सान' म्हणजे आपल्या 'ताई'सारखं. महिन्याभरात त्यांच्याकडून एक सीडी आली. त्यांच्या मुलाने घरच्या कॅमेऱ्यावर सगळं घर चित्रित केलं होतं.

नारायणगावचा दत्ता लग्नाच्या शूटिंगची कामं करायचा. त्याचा प्लेअर घेऊन आम्ही येडगावला गेलो. बबनराव, त्यांची बायको मंदाताई, सारिका, आणि आपोआप जमलेली निम्मी वस्ती. पडद्यावर काझुको-सान कॅमेऱ्याकडे बघून वाकल्या. लगेच मंदाताईंनी पदर सावरून हात जोडले. मग ओळीने लावलेल्या चपला, चूल नसलेलं स्वयंपाकघर, ती अंघोळीची टाकी, गाद्यांच्या घड्या, कागदाची सरकती दारं. अंगणाकडच्या दारात एक म्हातारे आजोबा शेंगा सोलत बसले होते. काझुको-सानचे सासरे. कॅमेरा घरभर फिरून आला तरी ते तिथेच. त्यांनी एकदा वर बघितलं, शेंगांनी भरलेली मूठ दाखवली आणि परत सोलायला लागले.

सगळ्यांना घर आवडलं. बबनरावांनी मात्र दत्ताला सीडी मागे घ्यायला सांगितली. दाराशी थांबवली.

"कडी कुठं हाय?"

खरंच नव्हती. सगळी दारं कागदाची, सरकवली की उघडली, आणि कुठल्याच दाराला कडी नाही. एवढी सीडी मागवली आणि आता एका कडीवरून सगळं अडणार. बबनराव पुन्हा पुन्हा तेवढाच भाग बघत राहिले. मग म्हणाले, "म्हातारबाबा दारात बसल्यालं हायेत तवर कडीची गरज न्हाई. जाऊ द्या पोरगीला."

सारिका तिथून जी पळाली, ती गोठ्यात जाऊन रडली असं मंदाताईंनी मला नंतर सांगितलं.

पण प्रकरण एवढ्यावर संपलं नाही. त्यांनी त्यांचं घर दाखवलं, आता आपलं दाखवायला नको का, असं बबनरावांचं म्हणणं पडलं. पोरगी कुठल्या घरातली येते हे त्यांना कळायला पाहिजे. दत्ता कॅमेरा घेऊन आला. आख्खं घर नव्या कपड्यांत ओट्यावर उभं. बैलांना झूल, म्हशीच्या शिंगांना रंग, मंदाताई भाकरी थापतात, बबनराव धरणाच्या पाण्याकडे बोट दाखवतात. आता दत्ताला शूटिंग एकाच प्रकारचं यायचं. त्याने मागे सनई घातली आणि बैलांवरून म्हशीवर जाताना पडद्यावर दोन बदाम येऊन एकत्र होतात असं काहीतरी केलं. बबनराव म्हशीसकट एका गुलाबातून बाहेर येतात, ते तर मी कधी विसरणार नाही. ती सीडी मी पाठवली आणि सोबत लिहूनही दिलं, की तुमचे आजोबा दारात बसतात म्हणून सारिकाच्या वडिलांनी होकार दिला आहे.

दिवाळीच्या सुट्टीत निघालो. मंचरहून पहाटेची गाडी, मुंबईचा विमानतळ, मग विमान. मुलांना खिडकीची जागा हवी यावरून भांडणं झाली, पण विमान उडाल्यावर सगळ्यांनी डोळे मिटून घेतले होते. शहरं आम्ही पाहिली, देवळं पाहिली, वेळेवर येणाऱ्या आगगाड्या पाहून मला आमच्या एसटीची फार आठवण आली. जेवणाचं म्हणाल तर भात भरपूर असतो, सोबत शेंगदाण्याची चटणी न्या, सगळे मागून खातात. मांसाहार चालत नसेल तर आधी कळवा आणि तिथे पुन्हा विचारा, कारण साध्या दिसणाऱ्या सारातसुद्धा मासळी असते. बुटांना नाड्या नकोत. दिवसातून इतक्या वेळा काढावे लागतात, की नाडी बांधणारा मुलगा कायम मागे राहतो.

मग ते गाव. भात कापून झाला होता. घरोघर पाख्यांना सोललेली केशरी फळं दोऱ्यांना बांधून वाळत टाकली होती. पर्सिमन म्हणतात त्यांना. एकेका मुलाला एकेका घरी सोडत आम्ही काझुको-सानच्या घरी आलो. सारिका अंगणात शिरली आणि सरळ त्या दाराकडे गेली. जणू रोजचं घर. दारात कुणी नव्हतं. तिने पाठ केलेल्या जपानीत विचारलं, "आजोबा?"

काझुको-सान तिला हाताला धरून आत घेऊन गेल्या. आतल्या देवघरासारख्या कोनाड्यात आजोबांचा फोटो होता. समोर भाताची वाटी आणि उदबत्ती.

आमच्यासोबतच्या दुभाषी ताईंनी सांगितलं ते असं. आजोबा पावसाळ्याच्या शेवटी गेले. येडगावची सीडी त्यांनी खूप वेळा पाहिली होती, बैल आले की ते सनईवर मान हलवायचे. त्यांना लग्न कुणाचं आहे तेवढं कळलं नव्हतं. मुलगी येणार म्हणून ते वाट बघत होते. ते गेल्याचं काझुको-साननी मुद्दाम कळवलं नाही. कळलं तर मुलीला पाठवणार नाहीत, अशी भीती त्यांना वाटली. हे सांगताना त्या इतक्या खाली वाकल्या, की मलाच अवघडल्यासारखं झालं.

मी कात्रीत सापडले. ज्या एका माणसाच्या भरवशावर बबनरावांनी मुलगी दिली, तो माणूसच नव्हता. मी सारिकाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, मी उतरणार आहे त्या विश्रामगृहावर तू माझ्याबरोबर चल, कुणी रागावणार नाही. ती फोटोसमोर गुडघे टेकून बसली, हात जोडले, बराच वेळ बसली. मग उठून म्हणाली, "बाई, मी हितंच ऱ्हाते. आता निघाले तर बरं दिसत न्हाई."

दोन्ही रात्री मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी सारिका सगळ्यांत आधी स्टेशनवर हजर होती, हातात वाळलेल्या फळांची माळ. निरोप घेताना ती आणि काझुको-सान दोघी रडल्या. मग मीही रडले.

परत आल्यावर मी तिला घरी सोडायला स्वतः येडगावला गेले. सांगायचं कसं, याची वाटभर जुळवाजुळव केली होती. पण बबनरावांनी मला विचारलंच नाही. त्यांनी मुलीला विचारलं, "दाखवलं व्हतं तसंच घर व्हतं का गं?"

"तसंच व्हतं. एक मानूस कमी व्हतं."

मग तिने सगळं सांगितलं, आणि मला माहीत नसलेलंही सांगितलं. दोन्ही रात्री काझुको-साननी आपली गादी अंगणाकडच्या दाराला आडवी टाकली होती, आजोबा बसायचे तिथेच, आणि तिथेच झोपल्या होत्या.

मला वाटलं, आता बबनराव चिडतील. ते म्हणाले, "दुखाचं घर व्हतं आन आपन भेटायला गेलो न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दत्ताला बोलावलं. मी होते तिथे. बबनराव धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर बसले, कॅमेऱ्यासमोर. दत्ता म्हणाला, "भाऊ, बोला की कायतरी." ते बोलले नाहीत. आमच्याकडे दुखाच्या घरी माणूस भेटायला जातो ते बोलायला नाही, बसायला जातो. ते तसेच बसून राहिले. मग उठले. 'येतो' म्हणाले नाहीत, कारण त्या घरातून निघताना तसं म्हणत नाहीत. दत्ताला मी बजावलं होतं, की सनई घालायची नाही. त्याने काहीच घातलं नाही.

ती सीडी मी जपानला पाठवली. काझुको-साननी ती सगळ्या घराला बसवून पाहिली आणि टीव्हीपुढे चहाचा कप ठेवला, एवढं पुण्याच्या ताईंकडून कळलं.

त्या सीडीची एक प्रत दत्ताने मला दिली होती. अजून आहे, कधीतरी लावते. बबनराव उठून निघून गेल्यावरही दत्ता कॅमेरा बंद करायला विसरला होता. रिकामा ओटा दिसत राहतो. मग बबनराव बाजूने येतात, दारातल्या पिंपातून तांब्याभर पाणी घेतात आणि दुखाच्या घरून परतलेला माणूस धुतो तसे पाय धुऊन घरात जातात.