पायरीवरची शाळा

आमच्या घरासमोर पालिकेच्या दोन शाळा आहेत, मधे एकच भिंत. एक पालिका स्वतः चालवते, दुसरी संस्थेला चालवायला दिली आहे. तिथे चिठ्ठ्या टाकून मुलं घेतात. माझ्या धाकट्या पिंकीची चिठ्ठी निघाली, थोरली आरती जुन्या शाळेतच राहिली. आता आरतीलाही तिथे जागा आहे. उद्या मला हो किंवा नाही सांगायचं आहे.

संध्याकाळी दोघी पायरीवर शाळा-शाळा खेळत होत्या. आरती बाई झाली होती. पिंकी ताठ उभी राहिली. "मे आय कम इन, मॅडम?"

"अगं ये की, दार कुठं लावलंय!"

मला हसू आलं. एक किती छान विचारते, दुसरी किती सहज आत घेते. यातलं जास्त मोलाचं कुठलं, कसं ठरवायचं? भिंतीवर झुकलेल्या शेवग्याची पिवळी पानं दोन्ही अंगणांत पडत होती. तांदूळ निवडता निवडता मी बघतच राहिले.

"आई, तू बाहेर का? चौथी झालीय ना तुझी? चल, पाचवीत बस," आरती बाईंच्या थाटात म्हणाली.

मी ताट बाजूला ठेवून पिंकीशेजारी बसले. शाळेत कधी तोंड उघडलं नव्हतं मी. आज हात वर केला.

"बाई, तुम्हाला कुठल्या शाळेत जायचंय?"