नुसती चव बघितली

"खरं सांग, आईच्या भाजीत मीठ घालत होतीस की न्हाय?"

महेश बायकोवर ओरडला तो माझ्याच टेबलासमोर. जुळे सोलापुरातल्या एका हॉस्पिटलमध्ये मी डाएटिशियन आहे. पेशंट मला 'पथ्यवाल्या मॅडम' म्हणतात आणि मी वॉर्डात शिरले की डबा उशीमागे सारतात. महेशची आई, कलावतीबाई, वरच्या मजल्यावर ॲडमिट होत्या. हार्ट फेल्युअर. म्हणजे हृदय बंद पडलेलं नसतं, त्याचा पंप दमलेला असतो. लग्नसराई सुरू झाल्यापासून त्यांची ही तिसरी खेप. पाय सुजलेले, आडवं झालं की धाप.

दर वेळी आम्ही औषधाने अंगातलं पाणी काढायचो, घरी पाठवायचो आणि पाणी परत भरायचं. त्या सकाळी राउंडला आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "घरात कोणीतरी पथ्य मोडतंय. मी औषध तरी किती वाढवू?" एवढं बोलून ते पुढच्या बेडकडे गेले. महेशने मात्र ते मनावर घेतलं आणि थेट बायकोला धरलं.

बायको अर्चना, होटगीची, सासूला आत्या म्हणणारी. आवाज न चढवता म्हणाली, "आत्यांचं पातेलं मी येगळं ठेवते. त्यास्नीच इचारा की."

आम्ही वर गेलो. कलावतीबाई उशीला टेकून बसल्या होत्या.

"जिवाची आण मॅडम, मिठाचा कण न्हाय तोंडात," त्या म्हणाल्या. "लोणचं सोडलं, शेंगाचटणी सोडली. आळणी भाकरी खाऊन खाऊन चव गेली तोंडाची."

"मग पाणी कशानं भरतंय?" महेश म्हणाला. "हिच्याच हातचं खातीस नव्हं?"

कलावतीबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. बोलल्या काहीच नाहीत.

अर्चनाने पिशवी उचलली आणि त्याच दुपारी माहेरी निघून गेली. दोन-चार दिवसांत येईल, असं मला वाटलं. हॉस्पिटलात अशी भांडणं रोजची.

इथे थोडं शास्त्र सांगते. मीठ म्हणजे बरंचसं सोडियम, आणि सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं. धडधाकट माणसाची किडनी जास्तीचं बाहेर टाकते. पण त्यानेही वर्षानुवर्षं मीठ हाणलं की बीपी चढतं आणि हृदयावर भार येतो. हृदय दमलेलं असेल तर पाणी मागेच तुंबतं, पायात उतरतं, फुप्फुसात साचतं. आपण सोडियम फक्त मिठाच्या बरणीत शोधतो. ते खाण्याच्या सोड्यात असतं, फरसाणात असतं, बेकरीच्या गोड बिस्किटातही असतं. जिभेला खारट लागलं नाही म्हणजे नाही, असं काही नसतं.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत मी वॉर्डात होते. कलावतीबाईंच्या गल्लीतली एक बाई लगबगीने आली. तिने पदराआडून स्टीलचा डबा काढला. आत उडदाच्या पापडाचं पीठ, तेलाने चकचकणारं.

"काकू, तेवढी चव बघा. नवी पेठेतल्या दुकानाची आर्डर हाय. तुमी हो म्हणल्याबिगर लाटायला कशा बसायच्या?"

कलावतीबाईंनी लिंबाएवढा गोळा तोडला, तेलात फिरवला, डोळे मिटून सावकाश चावला आणि गिळला. "मीठ बराबर हाय. खार जरा जास्त झालाय. अजून पीठ घाल आन् चांगलं कुट."

मी तिथेच उभी. "कलावतीबाई, हे काय खाल्लंत?"

"खाल्लं कुटं मॅडम? नुसती चव बघितली की."

त्यांच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती, हेच तर दुखणं होतं. त्यांच्या गल्लीत घरोघरी पापड होतात आणि प्रत्येक घरचं पीठ आधी कलावतीबाईंच्या जिभेवर जातं. हा त्यांचा मान. सुधारलेलं पीठ परत दाखवायला आणतात, तेव्हा परत चव. लग्नसराईत दिवसभर हेच. पापडाच्या पिठात मीठ भरपूर आणि वर पापडखार. पापडखार म्हणजे सोडियमचाच दुसरा अवतार. एकीकडे अर्चना आळणी आमटी शिजवत होती आणि दुसरीकडे सासूबाई सगळ्या गल्लीचं मीठ पोटात घेत होत्या.

"हे बंद. अगदी बघायचंच असेल तर थुंकून टाका."

"अन्न थुंकायचं?" त्या दुखावल्या. पीठ, मीठ, पाणी, सूज, सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "म्हंजी अर्चीचा कायबी दोष न्हवता."

मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि त्याहून जास्त अर्चनासाठी.

महेशने फोन लावला. "झालं ते झालं, घरी ये." एवढं बोलून फोन ठेवला.

डिस्चार्जच्या दिवशी अर्चना आली. कलावतीबाईंनी तिचा हात धरला. "पोरी, तुझ्यावर आळ आला. मी कदी घेतला न्हवता गं."

"ठावं हाय आत्या. तुमी आळ घेतला न्हाय," अर्चना म्हणाली. "पर दोन पातेली तुमी रोज बघत हुता. तवा तुमी गप बसला."

मग तिने कोणती गोळी कधी द्यायची ते महेशला नीट समजावलं, हात सोडवून घेतला आणि रिक्षाने होटगीला परत गेली.

कलावतीबाईंनी चव बघणं सोडलं. तपासणीला येतात तेव्हा पायावर सूज नसते, धाप लागत नाही. डॉक्टर खूश. स्वयंपाक महेश करतो, भाकरी करपवतो. अर्चना अजून माहेरीच आहे. कलावतीबाई जाताना दर वेळी विचारतात, "मॅडम, तुमी एकदा बोलून बघता का तिच्यासंगं?" मी बोलले. तिने माझं ऐकून घेतलं, चहा दिला आणि सासूबाईंची सूज उतरली का, एवढंच विचारलं.

आता मी पेशंटला काय खाता ते विचारून झालं की दिवसभर काय काम करता, हेही विचारते. आणि पथ्य मोडल्याचा संशय आला तर घरच्यांना आधी बाहेर पाठवते. पुढच्या पेशंटना याचा उपयोग होतो. अर्चनाला झाला नाही.