घोडा नसलेली वरात

आमच्या घरात क्लॅरिनेट आलं ते निजामाचं लष्कर मोडल्यावर. पोलीस ॲक्शननंतर फौजेतल्या बँडवाल्यांच्या नोकऱ्या गेल्या, वाद्यं बाजारात आली, आणि आजोबांनी त्यातलं एक उचललं. लग्नाच्या वराती वाजवायला लागले. त्यांच्यामागे अब्बा. लातुरात आमचा बँड सगळ्यांच्या माहितीतला होता, आणि मी ‘बँडवाल्याची पोरगी’ म्हणून.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या रात्री अब्बा गणपतीची मिरवणूक वाजवून आले होते. लाल कोट खुंटीवर टांगून झोपले, आणि पहाटे घर हललं. आम्ही वाचलो. किल्लारीकडच्या ज्या गावांत अब्बा दर उन्हाळ्यात वाजवायला जायचे, ती गावं राहिली नाहीत. पुढे कितीतरी महिने कुणी बँडचं नाव काढलं नाही. अब्बा वाद्य पुसायचे आणि पेटीत ठेवायचे.

मग एक दिवस भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या वसाहतीतून एक म्हातारे गृहस्थ आले. घरातली सगळी गेली होती, एक नात उरली होती. तिचं लग्न होतं.

“बाजा पायजे,” ते म्हणाले.

अब्बा अडखळले. “काका, लोक नावं ठेवतील. अजून वर्ष न्हाई झालं.”

“ठेवू द्या. मेलेले मेले. माझी पोरगी जित्ती हाय. वाजवा.”

अब्बांनी वाजवलं. काही बाया तोंड फिरवून बसल्या, काही रडल्या, आणि मग त्यातल्याच दोघी उठून नवरीभोवती नाचल्या. मदतकार्याला आलेली एक अमेरिकन डॉक्टरीण कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. पुढच्या फेरीला तिनं अब्बांना एक कॅसेट आणून दिली. तिच्या देशातल्या दक्षिणेकडच्या एका शहरातला जुना बँड. दुभाष्यानं सांगितलं, तिकडे मयतीलाही बँड असतो. जाताना संथ वाजवतात, पुरून परतताना नाचायला लावतात.

अब्बांनी ती कॅसेट ऐकली, पुन्हा ऐकली. “हे तर आपल्यासारखंच वाजवायलेत. कोण हायेत हे लोक? जरा हुडक की.”

मी हुडकायला लागले. तेव्हा मी बारावीला होते. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते, परगावची पोरं खोल्यांतून कोंबली होती, आणि आमच्या घराण्यात पहिली डॉक्टर मी होणार, असं सगळ्या मोहल्ल्यानं ठरवून टाकलं होतं. मी फिजिक्सच्या वहीखाली ग्रंथालयातलं अमेरिकन संगीतावरचं जाड इंग्रजी पुस्तक ठेवून वाचायची. कापसाच्या रानात राबणाऱ्या गुलामांची गाणी. तिकडच्या यादवी युद्धानंतर बाजारात आलेली लष्करी वाद्यं. तिथं मी पुस्तक मिटून आमच्या क्लॅरिनेटकडे बघत बसले. मग रेकॉर्ड भरायचं यंत्र आलं. तबकडीवर तीनेक मिनिटंच मावायची, म्हणून गाणंच तीन मिनिटांचं झालं. आधी भोंग्यात ओरडून गावं लागे. मायक्रोफोन आला आणि माणसं कानाशी बोलल्यासारखी गायला लागली. काळ्या लोकांच्या तबकड्या कंपन्या वेगळ्या यादीत ठेवायच्या, पण सूर काही यादीत थांबले नाहीत.

एकदा सरांनी ते पुस्तक पकडलं. भरल्या वर्गात वर धरून विचारलं, “गुलामांची गाणी वाचून डॉक्टर होता येतं का?”

“नाही सर.”

“मग कशाला वाचतेस?”

“मला ते कळून घ्यायचंय म्हणून. आणि पुस्तक ग्रंथालयाचं आहे, परत द्या.”

वर्ग हसला. सरांनी पुस्तक दिलं आणि मला महिनाभर शेवटच्या बाकावर बसवलं. तिथून खिडकी जवळ होती. मला काही वाईट वाटलं नाही.

त्याच सुमारास नांदेडहून एक साऊंडवाला आला. मोठमोठे स्पीकर लावून तो वराती घ्यायला लागला होता. अब्बांना म्हणाला, “मास्टर, तुमच्या चाली एकदा स्टुडिओत भरून द्या. मी सगळीकडे वाजवतो.”

“आणि आम्ही?”

“तुम्ही आराम करा.”

“म्हणजे आमचीच वरात आम्ही घरी बसून ऐकायची? न्हाई जमायचं.”

तो गेल्यावर मी अब्बांना सांगितलं, की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या वादकांनी असाच नकार दिला होता. रेकॉर्डिंग बंद पाडलं होतं.

“मग? जिंकले का?”

“जिंकले. कंपन्यांना पैसे द्यावे लागले. पण तोवर नुसते गाणारे पुढे गेले आणि मोठे बँड मागं पडले.”

अब्बा म्हणाले, “मग बंद न्हाई पाडायचं. आपली कॅसेट आपण भरायची.”

आमचे ढोलवाले काका अहमदपूरकडचे, शेती करून सीझनला वाजवायचे. त्यांनी तिथल्या धान्याच्या मोंढ्यातलं एका ओळखीच्या आडत्याचं गोदाम सुट्टीच्या दिवशी मिळवलं. तुरीची पोती छतापर्यंत रचलेली, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. टेपरेकॉर्डर मागून आणलेला, माईक एकच. मी पुस्तकातल्यासारखी माणसं उभी केली: अब्बा माईकजवळ, पितळी बाजे मागे, आणि काका थेट दाराबाहेर.

“पोरी, मला हाकलून लावलंस की!” काका उन्हातून ओरडले.

“तिकडच्या ढोलवाल्यांचीही हीच गत होती, काका!”

पहिलं गाणं सुरू झालं ते थांबेचना. अब्बा वाजवतच राहिले, कॅसेटची एक बाजू संपली. मी विचारलं, थांबत का नाही? ते गोंधळून म्हणाले, “नवरदेवाचा घोडा मांडवापाशी पोचला की थांबायचं. इथं घोडा कुठाय?” मग मी हात वर करायचा आणि त्यांनी थांबायचं असं ठरलं. संध्याकाळपर्यंत आठ गाणी भरली.

ती कॅसेट लातूरच्या ॲटोरिक्षांत वाजली, एसटी स्टँडवर वाजली. गंमत म्हणजे लोक वरातीत म्हणायला लागले, “मास्टर, कॅसेटमध्ये हाय तसंच वाजवा.” घोडा मध्येच असला तरी गाणं कॅसेटीतल्या जागी संपायला लागलं. अब्बा कुरकुरले, पण वाजवलं.

बारावीत मला मेडिकलपुरते मार्क पडले नाहीत. मोहल्ल्यातल्या बाया समाचाराला आल्यासारख्या घरी आल्या. एकजण म्हणाली, “बाजापायी पोरीचं वाटोळं झालं.” अब्बा काही बोलायच्या आत मीच म्हणाले, “खाला, वाटोळं झालेलं मी जवळून बघितलंय. ते असं नसतं.” त्या चहा न घेताच गेल्या.

बँड पुढे काही वर्षांनी बसला; स्पीकरपुढे तो टिकणार नव्हता. अब्बांनी त्याबद्दल रडगाणं गायलं नाही, मीही गात नाही. मी इतिहास घेतला, आणि आज नांदेडला तोच शिकवते. गुलामांची गाणी, तबकडी, मायक्रोफोन, वादकांचा तो संप, सगळं सांगते. दरवर्षी कुणीतरी विचारतं, “मॅडम, हे परीक्षेला येतं का?”

“नाही येत,” मी म्हणते, आणि अब्बांची कॅसेट लावते.