दहाने भागलेली मंडई

पुण्याहून निघताना आमच्या ऑफिसच्या प्रमुख सरनाईक मॅडमनी मला एक ट्रायपॉड दिला आणि एक ताकीद दिली. "तिकडून आकडा कळवशील तो खरा कळव. तुझा प्रत्येक आकडा मी दहाने भागते, हे तुला माहीत आहे." मला माहीत होतं. ऑफिसातल्या शिपायालाही माहीत होतं.

आमची कंपनी निरनिराळ्या व्यवसायांतल्या लोकांच्या परिषदा इंटरनेटवर भरवते. दातांच्या डॉक्टरांची भरवली, सर्व्हेअर लोकांची भरवली, एकदा मधमाश्या पाळणाऱ्यांची भरवली, तीत मधमाश्या जास्त शिस्तीत वागल्या. यंदा नाटकवाल्यांची पाळी होती. राज्यातल्या नाटक कंपन्यांनी आपापल्या गावातून अर्धा तास प्रवेश दाखवायचा, लोकांनी घरबसल्या लिंक उघडून तो पाहायचा, आणि ज्यांचे प्रेक्षक सर्वांत जास्त, त्यांना पुण्याच्या वार्षिक मेळाव्यात पूर्ण नाटकाचं निमंत्रण. झाडीपट्टीतून (चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगलमुलखाला हे नाव आहे) एकच कंपनी उतरली होती, वडसा गावची. तिच्याकडे जायला ऑफिसात कोणी तयार होईना. म्हणाले, तिकडे वाघ आहेत. मी म्हणालो, वाघांना माझी कल्पना देऊन ठेवा.

एका मित्राला भेटायचं म्हणून मी आधी भद्रावतीला उतरलो आणि तिथून एसटीने चंद्रपूर गाठलं. रस्त्याने कोळशाचे ट्रक. धूळ इतकी की मधल्या थांब्यावर कंडक्टरने माझ्याकडे पुन्हा तिकीट मागितलं. त्याला वाटलं, हा काळा माणूस आत्ताच चढला. चंद्रपुरात जुन्या तटाच्या दरवाजातून ऑटो अशा घुसतात की आत एखादा राजा अजून वाट बघत बसला असावा. तिथे सांबारवडी खाल्ली (इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर). एकेका वडीत मावेल तेवढी कोथिंबीर पुण्यात आठवडाभर पुरते. मी सहा खाल्ल्या आणि दुपारपर्यंत हिरवा श्वास घेत होतो.

वडश्याची पॅसेंजर मूल सोडून पुढे गेली तसं जंगल रुळांना इतकं खेटलं की खिडकीतून आत आलेल्या फांदीवर मी पाण्याची बाटली ठेवली. ती पुढच्या स्टेशनला मला परत मिळाली. नागभीडला एक बाई मासोळीची टोपली घेऊन समोर बसल्या. मी विचारलं, "बाई, इकडे वाघ दिसतो का?"

"दिसते नं. आज तुमाले पाहून लपला असन." मग माझ्या ट्रायपॉडकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हे काय होय? कुठी चालले, भाऊ?"

"वडश्याला. तिथलं नाटक इंटरनेटवर दाखवायला."

"काऊन? इथी जागा नाई का?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. हा प्रश्न मी तेव्हाच गंभीरपणे घ्यायला हवा होता.

वैनगंगेचा पूल ओलांडला की वडसा. गावात दर चार दुकानांमागे एका नाटक कंपनीची पाटी. दिवाळी ते होळी या कंपन्या गावोगावी खेळ करतात. आमच्या परिषदेत उतरलेल्या नाटक कंपनीचे मालक देवरावभाऊ मला घ्यायला आले होते. नाटकात ते खलनायक असतात आणि मिशी खोटी लावतात, कारण खरी मिशी, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, फार प्रेमळ दिसते.

जेवायला नाटक कंपनीच्या घरी गेलो. भात, जवसाची चटणी आणि बोडीतल्या (बोडी म्हणजे लहान तलाव) मासोळीचा रस्सा. तो एवढा तिखट होता की माझा चष्मा आपोआप पुसला गेला. वाढायला सुमनबाई होत्या. कंपनीत आईची भूमिका गेली कित्येक वर्षं त्याच करतात.

"पुण्याचं होईन नं, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"का नाही होणार!"

"माही पोरगी तिथीच नर्स हाये. जावई चांगला हाये, पण त्याच्या घरचे म्हनतात, सून नर्स अन् तिची माय नाचनारी. कवा पाह्यलं नाई त्याइनं माह्यं काम. इथी कोन येते इतक्या दूर? एकदा तिथी जाऊन त्याइच्या समोर उभं राह्यचं हाये मले."

देवरावभाऊ म्हणाले, "अन् मी नाचनारा नाई का? मले कोनी बोलत नाई!"

"तुमची मिशी पाहून भेतात," सुमनबाई म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी रस्सा ओतला.

प्रवेश कुठून दाखवायचा हे देवरावभाऊंनी आधीच ठरवलं होतं. पलीकडच्या एका गावात शनिवारी मंडई होती. (पुणेकरांनी भाजी आठवू नये. इकडे मंडई म्हणजे दिवाळीनंतर भरणारी गावची जत्रा.) रात्रीच्या नाटकासाठी तिथे मंडप उभा असणारच, दुपारी चारला त्याच रंगमंचावरून आपला अर्धा तास उरकायचा. मी लिंक दिली. ती त्यांनी गावोगावच्या ग्रुपवर टाकली, शिवाय भोंगा लावलेली गाडी फिरवली: "शनवारी चार वाजता आपलं नाटक पुण्याले दिसनार हाये हो! समद्याइनं पाहा!" आसपासची सगळी गावं पाहणार होती. मी मॅडमना कळवलं, एक लाख प्रेक्षक धरून चाला. त्यांनी दहा हजार धरले.

शनिवारी कापणी झालेल्या बांध्यांमधून (बांधी म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत) आम्ही मंडपात पोचलो. भज्यांच्या कढया, पाळणे, फुगे. मी ट्रायपॉड उभा केला, फोन लावला, चार वाजता सुरू केलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात आमचं वेब टूल प्रेक्षकांची संख्या दाखवतं. तिथे नऊ होते.

मी डोळे चोळले. नऊच होते.

मग मान वर केली. मंडप खच्चून भरला होता. मंडपाबाहेर ट्रॅक्टर होते, ट्रॅक्टरांवर माणसं होती, माणसांच्या खांद्यांवर पोरं होती. पुढच्या रांगेत एक म्हातारेबुवा मांडी घालून बसले होते. मी त्यांना विचारलं, "बाबा, लिंक मिळाली नाही का?"

"भेटली नं." त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढून दाखवला.

"मग घरी बसून पाहायचं होतं!"

"नाटक इथी होऊन राह्यलं, अन् आमी घरी बसून फोनात पाहू? पागल झालो का, भाऊ?"

आसपासची माणसं माझ्याकडे कीव करत बघू लागली. नागभीडच्या बाई मला टोपलीसकट आठवल्या.

मी रंगमंचावर उडी मारून माइक घेतला आणि सगळ्यांना सांगितलं, इथेच बसून लिंक उघडा. लोक आज्ञाधारक. सगळ्यांनी एकदम उघडली. गावात टॉवर एक. त्याने मान टाकली. माझ्या स्क्रीनवर सुमनबाई हात वर, तोंड उघडं, अशा गोठल्या. रंगमंचावर मात्र त्या बोलतच होत्या. पुण्याला काहीच जात नव्हतं.

देवरावभाऊंनी माझ्या हातातला माइक घेतला आणि खलनायकाच्या आवाजात गरजले, "ज्याचा मोबाइल चालू दिसन, त्याले नाटकातच मारीन!"

शेतभर फोन बंद झाले. चित्र हललं. म्हणजे प्रयोग पुण्याला पोचावा म्हणून आमच्या प्रेक्षकांनी प्रेक्षक म्हणून स्वतःचं नाव पुसून टाकलं होतं. कोपऱ्यात पुन्हा नऊ. नावांच्या यादीत एक सुमनबाईंची मुलगी होती, 'ड्युटीवरून पाहतेय' असं लिहून. सासरचे नव्हते.

प्रवेश असा होता: दारू पिऊन आलेल्या मुलाला आई दार उघडत नाही. सुमनबाई दाराच्या अलीकडे पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. पाळणे थांबले. भज्याची कढई आपोआप गार झाली, हे मी शपथेवर सांगू शकतो. मग त्यांनी फक्त विचारलं, "जेवला का?" आणि त्या शेतात जो आरडाओरडा उठला, तो पुण्याला इंटरनेटशिवायही गेला असावा.

प्रवेश संपताच मॅडमचा फोन आला. गोंगाटामुळे मी स्पीकर लावला, सगळी कंपनी भोवती गोळा झाली.

"तुमचे नऊ. दुसऱ्या एका कंपनीचे सहाशे. निकाल लावू का?"

मी झालेला प्रकार सांगितला. थापा मारताना माझा आवाज खणखणीत असतो. खरं सांगताना चाचरत होता.

"समोर माणसं किती आहेत?" त्यांनी विचारलं.

देवरावभाऊंनी मंडपावरून नजर फिरवली. अशा मंडपांचा अंदाज त्यांच्याइतका कोणाला नाही. माझ्या कानात म्हणाले, "दोन हजार तं पक्के."

ते दोन हजार माझ्या जिभेवर आले. मग आठवलं, पुण्यात पोचेपर्यंत त्यांचे दोनशे होतील आणि सहाशेवाले जिंकतील. सुमनबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"वीस हजार!" मी म्हणालो.

देवरावभाऊंची मिशी एका बाजूने सुटली.

 मॅडम म्हणाल्या, "म्हणजे दोन हजार. तुझा आकडा मी दहाने भागते. कॅमेरा फिरव."

मी फिरवला. पण तोवर लोकांनी फोटोसाठी फोन चालू केले होते आणि टॉवरने पुन्हा मान टाकली; चित्र गोठलं, आवाज तेवढा जात होता. "मला फक्त भज्याची कढई दिसते आहे," मॅडम म्हणाल्या. मंडपातून तेवढ्यात पुन्हा गजर झाला: सुमनबाईंना आणखी एकदा बोलवत होते. मॅडम ते ऐकत राहिल्या. "हे सहाशेचं ओरडणं नाही," त्या म्हणाल्या. "आणि नियमात 'प्रेक्षक' लिहिलंय, 'फोन' नाही लिहिलेलं. येऊ दे त्यांना पुण्याला."

दुसऱ्या दिवशी वडसा स्टेशनवर सुमनबाई पोहोचवायला आल्या. हातात भज्यांची पुडी. गाडी दिसू लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "पुण्याचा हॉल किती लोकाइचा हाये, भाऊ?"

"तीनशेचा," मी म्हणालो. "आणि भरतो."

 स्पीकरवरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. "म्हंजे तीस," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या हातातली भज्यांची पुडी घेतली.

"तीस तं तीस. पण चार खुर्च्या समोरच्या पायजेत. व्याही, विहीनबाई, जावई अन् माही पोरगी. बाकीच्या रिकाम्या राह्यल्या तरी चालन."

गाडी सुटली. नागभीड गेलं, मूल गेलं, फांद्या आल्या आणि गेल्या. वाघ याही वेळी लपूनच राहिला. ऑफिसात पोचल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय काय पाहिलंस? मी सांगितलं आणि सगळ्यांनी भागलं. तुम्हीही या लिखाणातल्या वड्या, धूळ, तिखट, जे वाटेल ते दहाने भागून घ्या. माझी हरकत नाही.

पहिल्या रांगेतल्या मधोमधच्या चार खुर्च्या मात्र मी त्याच दिवशी स्वतः जाऊन राखून आलो. त्या चारच आहेत.