हळद मिसळलेली माती

वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या पोत्यांचा वास आला की अजून माझं डोकं तापतं. गावातल्या तालमीचे वस्ताद आखाड्याच्या तांबड्या मातीत हळद मिसळायचे. अकरावीत असताना मी त्या तालमीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काहून शिकायची तुला कुस्ती?" वस्तादांनी विचारलं.

"कॉलेजला जाताना बसमधी एक जण रोज मनगट धरून राहिलाय. मला ते सोडवता यायला पाहिजे."

"पोरीनं आखाड्यात पाय ठेवू न्हाई, माती बाटते. कराटे शीक. त्यात अंगाला अंग लागत न्हाई."

शिकले. वर्षभर गावातल्या शाळेच्या मैदानावर हवेत लाथा मारल्या. खचाखच भरलेल्या बसमध्ये पाय उचलायला जागा कुठली? माझं मनगट सुटलं ते कॉलेज सोडल्यावरच.

वस्तादांची माती तेवढी बाटायची वाचली.