न दिसलेली सूज

आमच्याकडे एक खोड आहे. शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडे जायचं ठरलं की आधी गावातल्या डॉक्टरकडून इंजेक्शन टोचून घ्यायचं. म्हणजे प्रवास झेपतो आणि चारचौघांत धापा टाकायची लाज वाटत नाही. आजारी माणसाने ठणठणीत होऊन दवाखान्यात जायचं! आणि मीही तेच केलं. नगरला सावेडीत राहणारी, शाळेत विज्ञान शिकवणारी मी. आग लागो त्या शिक्षणाला.

आईने पारनेरजवळच्या आमच्या गावात पंचवीस वर्षं मिरची कांडपाची गिरणी चालवली, तोंडाला पदर बांधून. आता न्हाणीपासून ओट्यापर्यंत येताना तिला दोनदा भिंत धरावी लागते. नगरच्या एका दवाखान्यात अशा जुनाट दम्याच्या पेशंटची पाहणी चालू होती. सीटी स्कॅन काढून श्वासाच्या नळ्यांना किती सूज आहे ते बघायचं आणि ज्यांना सूज असेल त्यांना नवं औषध द्यायचं. बाकी सगळे उपाय करून झाले होते. आईला त्यात घ्यावं म्हणून मी दोन महिने तिथले उंबरे झिजवले.

स्कॅनच्या तीन दिवस आधी मी तिला आणायला गावी गेले, तर दम वाढलेला. एसटीत ही कशी बसणार, म्हणून मीच तिला गावच्या डॉक्टरकडे नेलं. तीन दिवस रोज इंजेक्शन, वर पांढऱ्या गोळ्या. चौथ्या दिवशी बाई नवं लुगडं नेसून तयार. "बघ, कशी खडखडीत हाय!"

दवाखान्यात फॉर्म भरताना सिस्टरने विचारलं, "गेल्या पंधरा दिवसांत स्टिरॉइडचं इंजेक्शन, गोळ्या काही?" मागे एका डॉक्टरांनी अशाच प्रश्नाचं खरं उत्तर ऐकून सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने केली होती. मी म्हणाले, "नाही."

स्कॅन करून आई बाहेर आली ती खुशीतच. "श्वास धरा म्हनले, तर सगळा धरला. सुटू न्हाई दिला."

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर फोटो दाखवला. फुप्फुस जागोजागी जुन्या धोतरासारखं विरलेलं. ते आता भरून येणार नाही, म्हणाले. "नळ्यांना सूज मात्र फारशी नाही. या औषधाचा त्यांना उपयोग नाही, पाहणीत घेता येणार नाही." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सूज होती, ती इंजेक्शनने उतरली होती. तिथेच सांगायला हवं होतं, पण जीभ रेटेना. दोन दिवसांनी फोन करून खरं सांगितलं. पलीकडची बाई रागावलीसुद्धा नाही. "जागा भरल्या, मॅडम," एवढंच म्हणाली.

गोळ्या संपल्या तसा दम परत आला, आधीपेक्षा वाईट. आता ती माझ्याकडेच असते आणि ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घरघरत असतं. यापुढे काही करण्यासारखं नाही, हे मला माहीत आहे, तिला नाही. शेजारीण आली की नाकातली नळी सावरत सांगते, "सूज न्हाई म्हनले माझ्या छातीत." मग कौतुकाने माझ्याकडे बघते.

"लई बरं झालं, तू इंजेक्शन देऊन नेलंस. न्हाईतर फोटो खराब आला असता."